पुण्यातली नवी हॉटेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या हॉटेलांबद्दल लिहायला लागल्यापासून वाचकांचे निरोप रोज येतात, आणि त्यांत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा असतात. ते एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. जागा, वेळा आणि चवींबद्दलची उत्तरं पुणे आणि पिंपरी-चिंचवडपुरती आहेत. कराबद्दलची आणि तक्रारीबद्दलची उत्तरं महाराष्ट्रात कुठेही चालतील.

१. नवं हॉटेल उघडलंय हे लोकांना इतक्या लवकर कसं कळतं? आम्ही पोचेपर्यंत तासाभराची रांग असते.

रोजच्या रस्त्यावरच्या बंद गाळ्यांकडे लक्ष ठेवा. आधी गाळ्याला पत्रे किंवा हिरवं कापड लागतं, मग मागच्या भिंतीवर धुराड्याचा पत्र्याचा नळ चढतो, आणि शेवटी ‘आचारी, वेटर पाहिजेत’ असा कागद चिकटतो. हा कागद दिसला की शुभारंभ जवळ आला समजा. दुसरी जागा म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. पहिल्या आठवड्यात पार्सल आणणारा कुणीतरी तिथे असतोच. ऑर्डरच्या ॲपवरही ‘नवीन’ अशी खूण दिसते, पण ती जुन्याच स्वयंपाकघराने घेतलेल्या नव्या नावालाही लागते (प्रश्न १६ पाहा).

२. सध्या नवीन जास्त कुठे उघडतंय?

जिथे नव्या कंपन्या आणि नव्या सोसायट्या, तिथे. बाणेर आणि बालेवाडी हाय स्ट्रीटवर एका ओळीत इतकी हॉटेलं आहेत की एक बंद पडून दुसरं उघडल्याचं पटकन लक्षातही येत नाही. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर आणि मुंढवा हा महागडा पट्टा: कॉकटेलचे बार, आशियाई पदार्थ, ब्रुअरी. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या हॉटेलांपैकी) एक, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली, आणि त्या वळणाचं खाणंपिणं आजही याच बाजूला जास्त दिसतं. वाकडला सप्टेंबर २०२३ मध्ये फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम उघडला, तेव्हापासून पिंपरी-चिंचवडकरांना मोठ्या साखळी हॉटेलांसाठी नदी ओलांडून यावं लागत नाही. कोथरूड, कर्वेनगर आणि सिंहगड रस्त्यावर थाळी, नाश्ता आणि घरच्या सगळ्यांना घेऊन बसता येईल अशी हॉटेलं उघडतात. पेठांत गाळे लहान आणि गाडी लावायला जागा नाही, म्हणून तिथे नवीन येतं ते उभ्याने खाण्याचं किंवा चहाचं.

माझं मत विचाराल तर सगळ्यात कमी लिहिलं जातं ते खराडी, विमाननगर आणि हिंजवडीतल्या छोट्या खानावळींबद्दल. आंध्र, केरळ, बंगाल, ओडिशातून नोकरीला आलेली मुलं तिथे राहतात आणि रोज रात्री तिथेच जेवतात. त्यांना आपल्या घरची चव पाठ असते, त्यामुळे आचाऱ्याला चूक लपवता येत नाही. आंध्रची पप्पू (डाळ), भात आणि पचडी (चटणी) अशी थाळी खायची तर मी कल्याणीनगरला जाणार नाही, खराडीच्या गल्लीत जाईन.

३. उघडल्या उघडल्या जावं की थोडं थांबावं?

थांबा. दीड-दोन महिने तरी. पहिल्या पंधरवड्यात तुम्हाला दिसतं ते हॉटेल पुढे तसंच राहत नाही, चांगल्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही.

सुरुवातीला मालक स्वतः गल्ल्यावर असतो, ज्याने मेनू बसवून दिला तो सल्लागार शेफ स्वयंपाकघरात उभा असतो, आणि समोरच्या टेबलांवर निम्मे नातेवाईक आणि मित्र असतात. त्या दिवसांत वाटी काठोकाठ भरलेली येते. महिन्याभराने शेफ आपलं काम संपवून पुढच्या हॉटेलकडे जातो, कागदावरची पाककृती मागे राहते, आणि ती पाळणारा आचारी टिकतो की नाही यावर सगळं ठरतं. नेमकं याच सुमाराला मालक पहिल्यांदा हिशेब मांडतो. तुपाचा ब्रँड बदलतो, काजूच्या ग्रेव्हीत मगज (खरबूज-कलिंगडाच्या बिया) वाढतो, कोथिंबिरीच्या चटणीत पाणी वाढतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पहिल्या आठवड्यात स्टार्टर आणि जेवण एकदम टेबलावर येणं, ऑर्डर दुसऱ्याच टेबलाला जाणं, बिलात न मागवलेला पदार्थ लागणं हे सगळीकडे होतं. त्यावरून हॉटेल वाईट म्हणणं अन्यायाचं आहे. वेटर नवे असतात, टेबलांचे नंबर त्यांना अजून पाठ झालेले नसतात.

म्हणून मी एकदा सुरुवातीला जाते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जाते, त्यानंतरच ठाम मत देते. दुसरी खेप शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी. शनिवारी गर्दी पेलते का ते कळतं, पण माल ताजा आहे का ते आठवड्याच्या मधल्या दिवशीच कळतं, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक कमी आणि फ्रीजमध्ये शिल्लक जास्त असते.

४. पहिल्यांदा गेल्यावर मागवायचं काय? मेनू चौदा पानी असतो.

त्या हॉटेलात रोज सगळ्यात जास्त खपणारा, सगळ्यात साधा पदार्थ मागवा. सजवलेला खास पदार्थ एखाद्या दिवशी जमू शकतो. साधा पदार्थ रोज जमवावा लागतो.

दाक्षिणात्य हॉटेलात साधा डोसा किंवा इडली मागवा, आणि आधी चटणी चाखा. खोबरं भरपूर असेल तर चटणी ओलसर आणि गोडसर लागते. डाळं जास्त घातलेलं असेल तर ती घट्ट होते आणि जिभेवर पिठूळ राहते. जो चटणीत वाचवतो तो लोण्यातही वाचवतो.

मराठी थाळीत वाट्या मोजू नका. वरण-भात, आमटी आणि भाकरी एवढंच बघा. भाकरी मागवल्यावर किती वेळाने येते ते पाहा. ताजी थापलेली भाकरी यायला पाच-सात मिनिटं लागतातच. ती आल्यावर वरचा पापुद्रा सुटतो, आतून वाफ येते, कडेला एखादा करपलेला ठिपका असतो. आधीच भाजून हॉटकेसमध्ये रचलेली भाकरी मागवताक्षणी येते, आणि मोडायला गेलं की चामड्यासारखी वाकते. मग थाळीत चार प्रकारची गोडं असली तरी तिथे परत जायचं कारण उरत नाही.

मिसळीला सॅम्पल दुसऱ्यांदा मागा. पहिल्या वाटीवर तर्रीचा तवंग असतो, त्याखाली काय आहे ते दुसऱ्या वाटीत कळतं. रस्सा पातळ झाला असेल तर मसाला उकळीत मुरलेला नाही, वरून तिखट तेल सोडलं आहे.

माशांच्या हॉटेलात कार्ड बाजूला ठेवा आणि ‘आज काय आलंय?’ विचारा. पुण्यात मासा कोकणातून आणि मुंबईतून येतो, त्यामुळे रोज सगळं ताजं मिळणं शक्य नाही. जून-जुलैमध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात पापलेट, सुरमई, रावस, हलवा सगळंच ‘ताजं’ आहे असं सांगणाऱ्या वेटरपेक्षा ‘आज फक्त बांगडा चांगलाय’ म्हणणारा वेटर मला जास्त विश्वासाचा वाटतो.

कॅफेत दुधाशिवायची कॉफी. बाकी सगळं सजावटीखाली झाकता येतं.

५. रील बघून गेलो आणि निराश झालो. रील बघून ठरवावं की नाही?

जागा कशी दिसते हे कळायला रील चांगलं. चव कळायला नाही. जाहिरातींची मानकं ठरवणाऱ्या एएससीआय या संस्थेने २०२१ पासून इन्फ्लुएन्सरनी पैसे किंवा फुकट वस्तू घेतल्या असतील तर तसं स्पष्ट लिहावं असा नियम केला आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही तशाच सूचना काढल्या. त्यामुळे कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कोलॅब’ किंवा ‘पेड पार्टनरशिप’ आहे का ते आधी बघा. एकाच आठवड्यात आठ-दहा जण त्याच टेबलावर, तेच तीन पदार्थ खात असतील तर ते सगळे एकाच आमंत्रणावर आले आहेत. त्यापेक्षा नकाशावरच्या ॲपमध्ये गिऱ्हाइकांनी काढलेले, खराब उजेडातले फोटो बघा. ताटात प्रत्यक्ष किती वाढतात ते तिथे दिसतं.

६. तुम्ही हॉटेलवाल्यांकडून पैसे किंवा फुकट जेवण घेता का?

नाही. शुभारंभाच्या आमंत्रणाला जात नाही, बिल स्वतः भरते, आणि लिहिण्याआधी हॉटेलला कळवत नाही. ओळखीच्या माणसाचं हॉटेल असेल तर त्यावर लिहीत नाही.

७. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. तो द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावाखाली वसूल करू नये, आणि तो नाकारला म्हणून प्रवेश किंवा सेवा अडवू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना योग्य ठरवल्या.

टेबलावर शांतपणे ‘हा काढून बिल परत द्या’ म्हणा. बहुतेक ठिकाणी लगेच काढतात. नाही काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंद करा. मात्र चांगलं वाढणाऱ्या वेटरच्या हातात टीप जरूर द्या. बारा तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाला थेट मिळालेले पैसे त्याच्या घरी पोचतात.

८. कुठे जीएसटी ५ टक्के, कुठे १८, कुठे काहीच नाही. फसवणूक कोण करतंय?

तिन्ही बरोबर असू शकतात. साध्या हॉटेलात, एसी असो वा नसो, ५ टक्के लागतो. बिलावर तो अडीच-अडीच असा केंद्र आणि राज्याच्या नावे दिसतो. मोठ्या तारांकित हॉटेलाच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागू शकतो. तिथल्या खोलीचं भाडं रोजचं साडेसात हजारांच्या वर गेलेलं असेल तर हा दर येतो. म्हणजे त्याच आवारात बसून प्यायलेल्या चहाचा करसुद्धा खोलीच्या भाड्यावरून ठरतो.

तिसरा प्रकार कंपोझिशन योजनेचा, म्हणजे छोट्या व्यवसायांसाठीच्या सोप्या कर योजनेचा. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या हॉटेलला ही योजना घेता येते. तो कर मालक स्वतःच्या खिशातून भरतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा मागता येत नाही. अशा हॉटेलने तुमच्या बिलात ५ टक्के जोडले तर मात्र ते चुकीचं आहे. बिलावर ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन’ असं छापलेलं दिसलं की कराची ओळ कोरी असली पाहिजे.

कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवाच. क्रमांक नाही आणि कर आहे, असं बिल भरू नका.

९. दारूच्या बिलावर वेगळा कर का? आणि बावीस वर्षांच्या मुलाला व्हिस्की का नाकारली?

दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के आहे, आधी ५ होता. समजा खाण्याचे १००० आणि बिअरचे ६०० झाले, तर खाण्यावर ५० आणि बिअरवर ६०, एकूण १७१०. बिअरवर जीएसटीही लावला असेल तर दाखवून द्या.

वयाबद्दल हॉटेलने बरोबरच केलं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसारख्या दारूला २५. घरच्या समारंभात वडील शेजारी बसले असले तरी नियम बदलत नाही.

१०. पाण्याच्या बाटलीवर वीस रुपये छापलेत, बिलात साठ लावले. हे बेकायदा आहे ना?

बसून जेवायच्या हॉटेलात नाही, आणि हे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, जागा आणि सेवाही देतं, त्यामुळे छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा ठरत नाही. दुकानदाराला ही सवलत नाही. उपाय एकच: बसल्या बसल्या ‘साधं पाणी’ मागा. बाटलीचं झाकण वेटरने विचारल्याशिवाय उघडलं तर तिथेच नको म्हणा.

११. आई चतुर्थी करते, सासरे जैन आहेत. नव्या हॉटेलात काय विचारायचं?

पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ असेल तर अर्धा प्रश्न सुटला. उपवासाचा प्रश्न उरतोच, कारण तो तेलाचा असतो. साबुदाणा वडा बटाटेवड्याच्याच कढईत तळला जातो का, खिचडीचा झारा पोह्यांत जातो का, एवढंच विचारा. चतुर्थीला आणि एकादशीला उपवासाचे पदार्थ भरपूर खपतात, म्हणून त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी वेगळी कढई चढवतात. एरवीच्या दिवशी ती नसते. गुरुवारी किंवा शनिवारी उपवास असेल तर फोन करून जा.

जैन जेवणासाठी ‘कांदा-लसूण नको’ इतकं सांगून भागत नाही. ग्रेव्ही सकाळीच तयार करून ठेवलेली असते आणि तिच्यात कांदा असतोच. ‘जैन ग्रेव्ही वेगळी करता का?’ असा सरळ प्रश्न करा. उत्तर देताना कॅप्टन (ऑर्डर घेणारा मुख्य वेटर) आत जाऊन विचारून आला तर चांगली खूण आहे. न विचारता ‘हो हो, होईल’ म्हणाला तर डाळ-भात आणि पापडावर थांबा, आणि फोडणीबद्दल तेवढं विचारून घ्या.

१२. पंचाहत्तरीचे आईबाबा बरोबर आहेत. फोनवर काय विचारावं?

पायऱ्या किती, लिफ्ट जेवायच्या मजल्यापर्यंत जाते का, पाठ असलेल्या खुर्च्या आहेत का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. नव्या कॅफेंमध्ये उंच स्टुलं आणि खोल सोफे यांची फार हौस आहे, दोन्हीवरून म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही. आणि आवाज. छत उघडं, भिंती सिमेंटच्या, गाणी मोठ्याने, मग ऐकायचं मशीन लावणाऱ्यांना टेबलावरचं बोलणंही ऐकू येत नाही. संध्याकाळी सातला गेलात तर आवाज कमी असतो, वाढणाऱ्यालाही सवड असते.

१३. गाडी कुठे लावायची? मेट्रोने जाता येईल असं काही आहे का?

गाडीबद्दल फोनवर ‘स्वतःचं पार्किंग आहे का’ असंच विचारा. ‘व्यवस्था होईल’ याचा अर्थ रस्त्याच्या कडेला. व्हॅलेला, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या माणसाला, गाडी देताना पावती घ्या आणि ती कुठे लावतात ते विचारा.

मेट्रोने डेक्कन, जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता सोपे झाले आहेत. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानकं तिथलीच. कोरेगाव पार्कला बंडगार्डन स्थानकावरून रिक्षा, कल्याणीनगरला तर नावाचंच स्थानक आहे. पेठांतल्या खाण्यासाठी मंडई आणि कसबा पेठ. परतीची शेवटची गाडी रात्री अकराच्या सुमारास असते, त्यामुळे नवाला जेवायला बसणार असाल तर घड्याळावर लक्ष ठेवा.

१४. दुपारी साडेतीनला पोचलो तर हॉटेल बंद! रविवारी रात्रीही बंद! नकाशावर तर ‘उघडं आहे’ लिहिलं होतं.

थाळीची हॉटेलं आणि खानावळी दुपारी तीनच्या सुमारास आवरतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा उघडतात. काही जुन्या पद्धतीची हॉटेलं रविवारी रात्री सुट्टी घेतात. मिसळीच्या जागा तर दुपारी रस्सा संपला की बंद. नकाशावरची वेळ उघडताना एकदा भरली जाते, नंतर कुणी बदलत नाही. गणेशोत्सवात पेठांतले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद होतात, तेव्हा तिथली वेळ आणि वाट दोन्ही विचारून घ्या.

रात्री उशिराचं म्हणाल तर राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं की हॉटेलं चोवीस तास चालू ठेवता येतात, पण दारू विकणाऱ्या जागांना ही मुभा नाही. त्यांची वेळ परवान्याप्रमाणेच.

१५. जुन्या प्रसिद्ध हॉटेलची शाखा आमच्या भागात उघडली. चव तीच असेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर शाखा कोण चालवतं यावर आहे. तीन प्रकार असतात. एकात घरातलाच माणूस, भाऊ किंवा मुलगा, शाखेवर बसतो. तिथे चव बरीचशी टिकते. दुसऱ्यात मसाला आणि पीठ मूळ जागेवरून रोज येतं, शिजवणं फक्त शाखेत; तिथे रस्सा जमतो, पण भजी, डोसा, पोळी यांसारखं हाताचं काम जमेलच असं नाही. तिसऱ्यात नाव आणि पाटी भाड्याने दिलेली असते. गल्ल्यावर ‘मालक कुठे असतात?’ एवढं विचारलं की कोणता प्रकार आहे ते कळतं.

दुसरा मुद्दा जागेचा. नारायण पेठेतल्या बेडेकरांच्या मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, सॅम्पल वाढायला माणूस फिरत असतो, आणि मागे लोक उभे असल्यामुळे तुम्ही खाऊन उठता. गुडलकचा बन मस्का १९३५ पासूनच्या इराणी हॉटेलच्या खुर्चीवर बसून खाल्ला जातो. वैशालीचं एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) खाणाऱ्या निम्म्या लोकांना त्याबरोबर कॉलेजचे दिवस आठवत असतात. हे दुसऱ्या भागातल्या काचेच्या गाळ्यात येऊ शकत नाही, आणि त्याचा दोष आचाऱ्याला देऊ नये. शाखेत गेलात तर मूळ जागा विसरून, समोर आलेल्या ताटाची परीक्षा करा. मला स्वतःला काही नव्या शाखांमधली बसायची जागा आणि स्वच्छता मूळ ठिकाणापेक्षा नक्कीच चांगली वाटते. चवीत मात्र मूळ जागेला मागे टाकणारी शाखा मला अजून भेटलेली नाही.

१६. ॲपवर एकाच पत्त्यावर बिर्याणी, मोमो आणि पराठ्याची वेगवेगळी नावं दिसतात. हे काय प्रकरण आहे?

एकच स्वयंपाकघर, पाच नावं. बसायला जागा नसलेलं असं स्वयंपाकघर चालवणं बेकायदा नाही. ओळखायचं असेल तर अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) क्रमांक बघा. ॲपवर हॉटेलच्या पानाच्या तळाशी तो दिलेला असतो. दोन नावांखाली तोच क्रमांक असेल तर आचारीही तेच. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक हॉटेलच्या बिलावरही छापणं बंधनकारक आहे. नव्या हॉटेलच्या बिलावर तो नसेल तर मालकाला विचारायला संकोच करू नका.

ॲपवरचे दर हॉटेलातल्या कार्डापेक्षा जास्त असतात कारण ॲपचं कमिशन त्यातून निघतं. हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर फोन करून पार्सल आणा. तुमचे पैसे वाचतात, हॉटेलवाल्यालाही पूर्ण रक्कम मिळते.

१७. रूफटॉप हॉटेलात मुलांना नेणं सुरक्षित आहे का?

गेल्या गेल्या दोन जिने आहेत का ते बघा. एक लिफ्ट आणि एक अरुंद जिना, त्यात खोकी आणि सिलिंडर रचलेले, अशी जागा असेल तर मी तिथे बसत नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या हॉटेलांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. बांबू आणि ताडपत्रीचं छत किती वेगाने पेटतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पुण्यातही महापालिका अनधिकृत रूफटॉपवर वेळोवेळी कारवाई करते, तरी नवी उभी राहतात. टेबलाशेजारी शेगडी किंवा शोभेची आतषबाजी चालू असेल तर उठा. हुक्क्याला महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे; तो दिसला तर तिथे इतर नियमही पाळले जात नसणार.

१८. जेवणात झुरळ निघालं. तक्रार कुठे करायची?

ताट परत पाठवण्याआधी फोटो घ्या आणि बिल मागा, पैसे माफ केले तरी. बिलाशिवाय तक्रारीला आधार राहत नाही. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, आणि एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर फोटोसकट नोंद करता येते. खाऊन त्रास झाला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

भाजी खारट, डोसा गार, वेटर उद्धट, यासाठी ही दारं नाहीत. ते मालकाला तिथेच सांगा. नव्या हॉटेलचा मालक पहिल्या सहा महिन्यांत हे खरोखर ऐकतो. बिल आणि करांच्या तक्रारी वेगळ्या, त्या प्रश्न ७ आणि ८ मध्ये आहेत.

१९. वाईट अनुभव लिहिला तर हॉटेलवाले नोटीस पाठवतील का?

धमकी देणारे भेटतात. तुम्ही जे पाहिलं आणि खाल्लं तेवढंच, तारखेसह लिहिलं असेल, बिल जवळ असेल, तर घाबरू नका. ‘बुधवारी रात्री मागवलेल्या आमटीला आंबूस वास होता’ हे तुमच्या अनुभवाचं विधान आहे. ‘हे शिळं अन्न विकतात’ हा आरोप आहे आणि तो सिद्ध करावा लागतो. नोकरांची नावं आणि फोटो टाकू नका. आणि मालकाने चूक सुधारली तर तेही त्याच जागी लिहा. मी ते नेहमी करते.

२०. मुंजीच्या जेवणासाठी नव्या हॉटेलला ॲडव्हान्स दिला आणि ते बंदच पडलं. पैसे मिळतील?

पावती आणि पैसे दिल्याची नोंद असेल तर मागता येतात, हॉटेल बंद झालं तरी. पाटी उतरते, मालकाची जबाबदारी उतरत नाही. पैसे यूपीआयने दिले असतील तर ते कुणाच्या नावावर गेले ते बँकेच्या नोंदीत दिसतं. जीएसटी क्रमांक बिलावर असेल तर सरकारी संकेतस्थळावर त्यावरून व्यवसायाचं कायदेशीर नाव कळतं. त्या नावाने आधी लेखी मागणी करा, मग १९१५ वर नोंद करा, आणि तरीही दाद नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

पुढच्या वेळी, हॉटेल वर्षभराचं झालेलं नसेल तर एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम आगाऊ देऊ नका. पावतीवर तारीख, ताटांची संख्या, दर ताटाची किंमत आणि मेनू लिहून घ्या. पावती द्यायला जो मालक तयार नसतो, त्याच्याकडे मुंज ठरवू नका.